आमची वाटचाल : टूल त्यांचं, अक्कल आमची

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचं प्रेस शॉप, म्हणजे पत्रा कापून-वाकवून भाग बनवायचं वर्कशॉप, सुरू झालं तेव्हा भाड्याचा गाळा, 63 टनाची एक सी-फ्रेम पॉवर प्रेस आणि एक म्हातारी लेथ, एवढाच पसारा होता. एमआयडीसीची ही पहिली वसाहत, 1962 सालची. आज तिथे काचेच्या इमारती दिसतात. तेव्हा रस्त्यावरून जाताना नुसत्या ठोक्यावरून कळायचं, कुठल्या गाळ्यात किती टनाची प्रेस चालू आहे. भांडवल माझं होतं, हात मास्तरांचे.

मास्तर म्हणजे माझे भागीदार. त्यांची उमेदीची वर्षं कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या टूलरूममध्ये, म्हणजे प्रेसची टूल (पंच आणि डाय) बनवायच्या खात्यात, गेली. प्रीमिअरने फियाटशी करार करून 1100 काढली, तीच पुढे पद्मिनी झाली. परदेशी कंपन्यांनी आपल्याला तंत्रज्ञान दिलं असं कोणी म्हणालं की कराराच्या कागदांची गोष्ट निघते. आमच्याकडे ते तंत्रज्ञान जेवणाचा डबा घेऊन लोकलने आलं. कुर्ल्यात शिकलेली अशी किती माणसं ठाणे-भांडुपच्या गाळ्यांत खपली, याची नोंद कुठल्याही करारात सापडणार नाही.

मास्तरांची हत्यारांची लाकडी पेटी होती. खंडेनवमीला आधी तिची पूजा, मग प्रेसची. वरचा पंच आणि खालची डाय यांच्यातली फट, म्हणजे क्लिअरन्स, ते शिमच्या पातळ पट्ट्या लावून बांधायचे, 2 मिलिमीटर पत्र्याला एका बाजूला मिलिमीटरचे दहा-बारा शतांश. मग मोटर बंद ठेवून फ्लायव्हील हाताने फिरवायचं, पंच धरणारा रॅम खाली आणायचा आणि पहिला ठोका कागदावर घ्यायचा. कागद चारी बाजूंनी सफाईने कापला गेला तर ठीक. एका बाजूला कापला आणि दुसरीकडे फाटला, तर पंच सेंटरला नाही. त्याशिवाय पत्रा लावू द्यायचे नाहीत, ग्राहकाचा माणूस दारात उभा असला तरी.

जपान्यांचं वारं आमच्याकडे उशिरा पोचलं. मारुतीचा सुझुकीशी करार झाला 1982 मध्ये, पहिली मारुती 800 रस्त्यावर आली डिसेंबर 1983 मध्ये. पण 1985 नंतर येन चढत गेला, जपानहून येणारे सुटे भाग परवडेनासे झाले, आणि इकडे देशी भागांचं प्रमाण वाढवा म्हणून सरकारचाही रेटा होता. तेव्हा आपल्या व्हेंडरांना, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्यांना, शिकवण्याची निकड खरी वाढली. त्यात उपकार कोणी कोणावर केले नाहीत. येन स्वस्त राहिला असता तर पेट्या बंदरात उतरतच राहिल्या असत्या, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिला फायदा गुडगावच्या आसपासच्यांना झाला. आम्हाला ते सगळं एका मोठ्या व्हेंडरच्या हातून मिळालं. त्याचं जपानी कंपनीशी कोलॅबरेशन होतं आणि आम्ही त्याला ब्रॅकेट पुरवत होतो. नाव लिहीत नाही.

त्यांच्याकडून एक जपानी इंजिनिअर गाळ्यावर आले. ऑफिसात बसायला खुर्ची पुसून ठेवली होती, ते थेट प्रेसखालच्या भंगाराच्या डब्याकडे गेले. मूठभर स्लग, म्हणजे भोक पाडताना पडलेल्या चकत्या, काढून सरफेस प्लेटवर मांडले आणि एकेकाची कड भिंगातून बघत बसले. स्लगच्या कडेला आधी चकचकीत पट्टा असतो, मग खरखरीत. चकाकी सगळीकडे सारखी, साधारण तिसरा हिस्सा असेल तर डाय ठणठणीत. एका बाजूला चकाकी जास्त म्हणजे त्या बाजूचा क्लिअरन्स कमी झालाय. मास्तर वाकून बघत होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मास्तरांनी कागद आणला, पहिला ठोका करून दाखवला, आणि ते गृहस्थ खुशीत हसले. त्या दिवसापासून आमच्याकडे दर पाळीचे दोन स्लग पाकिटात घालून तारखेसह ठेवतात.

दुसरी गोष्ट सेटिंगची, म्हणजे प्रेसवर डाय बदलून बसवण्याची. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंनी टोयोटात हजार टनी प्रेसची चार तासांची डाय बदली तीन मिनिटांवर आणली, हे आता कोणीही सांगेल. आमच्याकडे बदलीत अख्खी सकाळ जायची. आम्ही सगळ्या डायना खाली पॅरलल प्लेटा जोडून बंद उंची, म्हणजे मिटलेल्या टूलची उंची, एकसारखी केली, म्हणजे रॅमला हातच लावायचा नाही. चहाच्या सुट्टीत सेटर डाय बदलून मोकळा होऊ लागला. मग गाडीच्या भागांच्या दर्जासाठी क्यूएस-9000 हे प्रमाणपत्र आलं, त्याच्या मागे टीएस 16949, 2016 मध्ये आयएटीएफ. फायली जाड झाल्या. त्यातला कंट्रोल प्लॅन, म्हणजे काय कधी तपासायचं याचा तक्ता, उपयोगाचा, बाकीचं ऑडिटरसाठी.

आता मूळ दुखणं. पेडलचा एक ब्रॅकेट होता. टूलचे पैसे ग्राहकाचे, आमच्या पीसच्या दरात वाटून दिलेले. ड्रॉइंगप्रमाणे बेंड 90 अंशांचा, पण पत्रा परत उघडायचा. मास्तरांनी पंच 88 ला घासून आणला. ब्लँकची, म्हणजे वाकवण्याआधीच्या कापलेल्या पत्र्याची, दोन भोकं जवळजवळ सारखी, ऑपरेटर उलटा लावायचा; आम्ही सेंटर सोडून जागा धरणारी एक लोकेटर पिन बसवली, उलटा ब्लँक बसतच नाही. यातलं काहीही जपानहून आलेलं नव्हतं. रिजेक्शन जवळपास बंद झालं. त्यांनी आमच्या पिनेचे फोटो काढून नेले, त्यांच्या कायझेन, म्हणजे सुधारणांच्या, बोर्डावर लावले. आमचं नाव तिथे नव्हतं.

नंतर पत्र आलं, टूल परत करा. टेम्पो पत्राच्या आधी गेटवर. रबाळ्याच्या एका प्रेसवाल्याने दर पीसमागे चाळीस पैसे कमी दिला होता. देणारच. ट्रायआउटमध्ये, म्हणजे टूलच्या चाचणीत, खराब केलेला पत्रा आमचा, रात्री आमच्या, त्याला तयार टूल मिळालं, पिनेसकट. महिन्याभरात आमचा सेटरही तिकडे गेला. निम्म्याहून जास्त काम त्या एका ग्राहकाचं होतं. एकावर अवलंबून राहू नये असं आता सगळे शिकवतात. तेव्हा तोच ग्राहक म्हणत होता, बाहेरची कामं कमी करा, कपॅसिटी आम्हाला द्या.

कळंबोलीच्या पत्र्याची उधारी थकली, बँकेचे फोन सुरू झाले. मास्तरांनी वर्षभर पगार घेतला नाही. लिफ्टचे भाग करणारे वागळ्यातलेच एक शेठ होते, आमचे पहिले ग्राहक. माल लागत नसताना त्यांनी सहा महिन्यांची ऑर्डर लावली आणि आगाऊ चेक दिला. आजही त्यांचं चलन आधी निघतं, गाडी कंपनीचं नंतर.

पुढची पंधराएक वर्षं बरी गेली. रबाळ्यातही गाळा घेतला, त्याच प्रेसवाल्याच्या मागच्या गल्लीत.

नवीन पोरांना सांगतो, पार्टचं ड्रॉइंग ग्राहकाचं असतं, डायचं तुमचं. ते ईमेलने पाठवू नका. टूल जाताना तुमच्या पिना, प्लेटा, घासलेले पंच यांची यादी करून सही घ्या. लघुउद्योगांना पैसे 45 दिवसांत मिळण्याचा कायदा 2006 पासून आहे, बिलावर उद्यम नोंदणीचा नंबर छापा आणि मागा, लाजू नका.

सध्या एका परदेशी कंपनीच्या ईव्हीसाठी बॅटरी ट्रेचे ब्रॅकेट करायची बोलणी चालू आहेत. आमच्या कोटेशनमध्ये एक कलम असतं: टूलमध्ये आम्ही केलेली सुधारणा आमची, टूल हलवलं तर तिचे पैसे वेगळे. त्यांच्या परचेस खात्याने ते खोडून मसुदा परत पाठवला. मास्तरांच्या मुलाने पुन्हा टाकून पाठवलाय. तो आता आमची टूलरूम बघतो, आणि बापापेक्षा हट्टी आहे.