बोअरिंगला निघालेला ब्लॉक

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी गॅरेजचं शटर वर केलं तर दारात टेंपो, टेंपोत दोरीनं जखडलेली अ‍ॅडव्हेंचर बाईक आणि शेजारी तिचा मालक, पंचविशीचा पोरगा, तोंड उतरलेलं. बामणोलीहून परतताना कासच्या चढाला इंजिन जाम झालं होतं. बटण दाबलं की नुसतं टक्.

ब्लॉक काढला. पिस्टनची बाजू खरवडलेली, बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो त्या भोकात, उभ्या चंदेरी रेघा. मी सवयीनं म्हणालो, "बोअरिंग करू, ओव्हरसाईज पिस्टन टाकू." म्हणजे भोक मशीननं थोडं मोठं करायचं आणि त्या मापाचा पिस्टन बसवायचा. ब्लॉक पिशवीत घातला आणि एमआयडीसीतल्या आबांकडे गेलो. चाळीस वर्षं बोअरिंग करणारा माणूस.

आबांनी ब्लॉकचा वरचा काठ बोटानं पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. "लायनरची गोल रेघ कुठं दिसतीया का रं?" लायनर म्हणजे ब्लॉकच्या आत बसवलेली बिडाची नळी; तिची रेघ नव्हती. सगळं एकसंध ॲल्युमिनियम. "मग ह्यात निकासिल हाय. मशीनला लावलं की संपलं."

निकासिल म्हणजे बोअरच्या भिंतीवरचा कडक थर. निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण बसवलेला हा थर जर्मनीच्या माहले कंपनीनं १९६७ च्या सुमारास काढला, तोही मुळात वँकेल इंजिनासाठी, ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो. थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ. पहिल्याच ओव्हरसाईजला व्यास ०.२५ मिमी वाढवायचा, म्हणजे एका बाजूनं ०.१२५, थर गेला आणि पिस्टन उघड्या ॲल्युमिनियमवर. बुलेटच्या बिडाच्या लायनरवर जन्म काढलेला मी, एका सकाळीत पोराचा ब्लॉक भंगारात घालणार होतो!

आबांनी फरशी धुवायचं ॲसिड काढलं, हातमोजे घातले आणि इअरबडनं फक्त रेघांवर टेकवलं. काठाच्या उघड्या ॲल्युमिनियमला थेंबही लागू द्यायचा नाही. फस्स करून बारीक फेस आला, पुसला, पुन्हा लावलं. चौथ्या-पाचव्या वेळी फेस यायचा थांबला आणि खाली होनिंगच्या, म्हणजे तेल धरून राहावं म्हणून कारखान्यात मारलेल्या, तिरक्या रेघा जशाच्या तशा दिसल्या. ओरखडे बोअरला नव्हतेच, पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून वर चिकटलं होतं. भरपूर पाण्यानं धुऊन गेज लावला. माप स्टँडर्ड, कंपनीचं मूळचंच.

पण जाम का झालं? ते गॅरेजवर परतल्यावर कळलं. रेडिएटरच्या जाळीत जांभ्याचा लाल चिखल विटेसारखा सुकलेला. पोरानं पुढं-मागं मोठ्या बटनांचे टायर टाकले होते. पुढचं चाक गार्डच्या फटीतून चिखल थेट जाळीवर फेकत होतं. वारा बंद, चढ मोठा, इंजिन तापलं.

"महिन्यातून किती दिवस मातीत जातोस?"

"एखादा दिवस, काका. बाकी सातारा-पुणे."

म्हणजे हायवेवर बटनं झिजवायची आणि पावसात घाटात डांबराला कमी रबर टेकवायचं. मी रोडकडे झुकणारा मिश्र टायर सुचवला. पोरगं हसलं, "लुक जातो हो."

स्टँडर्ड पिस्टन, नव्या रिंगा, नवीन कूलंट. टायर तेच. मातीतून आल्यावर साध्या पाइपानं जाळी धुवायची, प्रेशरनं नाही, पत्र्या वाकतात, एवढं मात्र दोनदा वदवून घेतलं. गाडी निघाली, तर बटनांची घरघर पार पोवई नाक्यापर्यंत ऐकू येत होती.