तुम्ही विचारलंत म्हणून: फायरफॉक्स आणि गुगलची उचल

राजारामपुरीतल्या माझ्या क्लासमध्ये जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकून दिली की सोबत फायरफॉक्स हा ब्राउझर येतोच. मग कुणीतरी विचारतंच, "सर, हा गुगलच्या पैशावर चालतो म्हणे. मग मुक्त कसला?"

पैसे घेतो, हे खरं. २०२२ साली मोझिलाचं, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेचं, उत्पन्न ५९ कोटी डॉलरच्या घरात होतं आणि त्यातला मोठा वाटा गुगलचा. बदल्यात, नव्या फायरफॉक्सच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत काही टाईप केलं की शोध थेट गुगलकडे जातो.

करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ होतं. हंगामाच्या तोंडावर वडील शाहूपुरीतल्या अडत्याकडून उचल आणायचे. रस किती आटवायचा, काहील कधी उतरवायची, हे आमचा गुळव्या ठरवायचा. अडत्या त्यात पडत नसे. पण गुळाचे रवे उतरायचे त्याच्याच दारात. फायरफॉक्सचंही तेच. फक्त इथं माल कुणाच्या दारात उतरवायचा ते तुम्ही बदलू शकता: सेटिंग्ज, सर्च, आणि यादीतून डकडकगो हे दुसरं शोधयंत्र. मी प्रत्येकाला हे स्वतःच्या हातानं करायला लावतो.

आणि कोड, म्हणजे ज्यातून हा ब्राउझर बनतो तो प्रोग्राम, तर सगळ्यांचाच; कुणीही घ्यावा, बदलावा. २००६ मध्ये डेबियन हे लिनक्स बनवणाऱ्यांना मोझिलाच्या नाव आणि बोधचिन्हाच्या अटी पटल्या नाहीत. त्यांनी तोच ब्राउझर 'आइसविझल' नावानं द्यायला सुरुवात केली आणि २०१६ पर्यंत दिला. ओळख लपवून इंटरनेट वापरायचा टॉर ब्राउझरही याच कोडवर उभा आहे. मुक्त म्हणतो ते यासाठी.

माझी काळजी वेगळी आहे. २०१४ मध्ये मोझिलानं अमेरिकेत शोधासाठी गुगलऐवजी याहूशी करार केला, २०१७ मध्ये पुन्हा गुगलकडे आले. २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयानं गुगलची शोधातली मक्तेदारी बेकायदेशीर ठरवली, त्यात ब्राउझरवाल्यांना पैसे देण्याचे गुगलचे असेच करार पुराव्याला होते. आणि हे पैसे बंद झाले तर फायरफॉक्स अडचणीत येईल, असं मोझिलाच्याच अधिकाऱ्याला पुढच्या वर्षी कोर्टात सांगावं लागलं. ते वाचून जीव तुटला. पुढे न्यायालयानं पैसे देणं चालू ठेवलं, फक्त गुगलशिवाय दुसरं कुणी नको अशा अटींना मनाई केली.

एका वर्षी अडत्यानं उचल दिली नाही. त्या हंगामात आमच्या गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलंच नाही.

देणगी द्यावी म्हटलं, तर मोझिला फाउंडेशनला दिलेले पैसे ब्राउझरच्या कामाला जात नाहीत. फायरफॉक्ससाठीच वर्गणी भरायची सोय त्यांनी करावी. पहिली पावती मी फाडतो.