लेझर मशिन घेऊ का नको, दोन वर्षं चाललेला घोळ

आमचं कराडला बोर्डाचं छोटं दुकान आहे, अण्णा आधी ब्रशने रंगवायचे, मग मी रेडियम कटिंगचा दोन फुटी प्लॉटर (स्टिकर कापायची मशिन) घेतला. फ्लेक्स बाहेरून प्रिंट करून आणतो आणि अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कोल्हापूरला कापायला पाठवतो. आता अक्षरं कापायची लेझर मशिन आपणच घ्यावी हा किडा माझ्या डोक्यात शिरला तो नोव्हेंबर २०२३ ला.

तेव्हा काय झालं होतं आठवत असेल. दुकानाची पाटी मराठीत हवी, देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, हा नियम २०२२ ला पक्का झाला होता, पण लोक ढिम्म. मग सुप्रीम कोर्टाने २५ सप्टेंबर २०२३ ला मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या केसमध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि इथेपण सगळ्यांना एकदम मराठी आठवलं. फोनवर फोन. रात्री दोनपर्यंत फिटिंग. त्या एका महिन्यात माझं कटिंगवाल्याचं बिल ३१ हजार झालं आणि नेमका त्याच आठवड्यात मशिनवाला एजंट दुकानात येऊन बसला, म्हणाला दादा तुम्ही ३१ हजार दुसऱ्याच्या घशात घालताय.

ऐकायला एकदम पटलं राव. सही करायचीच बाकी होती.

वाचवलं ते बायकोने, तिने ते बिलाचं बाड काढलं आणि विचारलं यात शीटचे किती आणि कापायचे किती. तेव्हा डोकं ठिकाणावर आलं, ३१ मधले १८ हजार तर अ‍ॅक्रिलिक शीटचेच होते, ते मशिन घेतली तरी द्यायचेच आहेत. म्हणजे वाचणार १३, आणि ते पण मराठी पाट्यांच्या लाटेतले. जानेवारीत तेच कटिंग ३ हजारावर आलं, आषाढात तर हजाराच्या आत.

कोटेशन होतं ३ लाख ४० हजार, ४ बाय ३ फुटी बेड, १०० वॅटची लेझर ट्यूब, ती थंड ठेवायला पाणी फिरवणारा चिलर आणि धूर ओढायचा पंखा धरून. वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६१,२००. एजंट म्हणतो तो परत मिळतो, मिळतो ना, पण रेग्युलरवाल्याला, मी कंपोझिशनमध्ये (जीएसटीची छोट्या धंद्यांसाठीची ठोक टक्क्याची स्कीम) आहे, मला काही मिळत नाही. म्हणजे ४ लाख १ हजार २००. लाखभर स्वतःचे घालून ३ लाखाचं मुद्रा कर्ज काढलं तर ११ टक्क्याने तीन वर्षं महिन्याला साधारण ९,८०० हप्ता. आणि कटिंगची वर्षाची सरासरी निघाली महिना ४,२००. झालं, विषय संपला.

पण संपला नाही, कारण वहीत फक्त केलेली कामं होती. एका डॉक्टरच्या उद्घाटनाला अक्षरं आदल्या संध्याकाळी एसटीच्या पार्सलने आली आणि बघतो तर ‘ळ’ मोडलेला. परत कापून येईपर्यंत मुहूर्त गेला असता, मग रात्री सनबोर्डचा (फोमसारख्या हलक्या प्लॅस्टिक शीटचा) ‘ळ’ हाताने कापून रंगवून लावला, खालून कळत नव्हतं पण मला कळत होतं. तर जानेवारी २०२५ पासून वहीच्या मागच्या बाजूला ‘नाही म्हटलेली कामं’ असं एक पान सुरू केलं. नुसतं विचारून गेलेले धरले नाहीत हं, रेट मान्य करून ‘चार दिवस लागतील’ ऐकल्यावर मागे फिरले तेवढेच. घराच्या नेमप्लेटा, शाळेच्या ट्रॉफ्या, देवळाच्या देणगीदारांची पाटी. पाच महिन्यांत २३ कामं, माझा नफा धरून ३८ हजार. त्यात कटिंगचे वाचणारे पाच महिन्यांचे २१ हजार मिळवले तर महिना ११,८००. हप्ता आणि लाईटबिल मिळून ११,३०० धरलेत. पाचशे रुपये सुटतात, हसू नका.

मध्ये एकाने राउटर (फिरत्या पात्याने कापणारी मशिन) घे म्हणून पण गळ घातली. त्याचं बरोबर आहे एका अर्थी, लेझरवर एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा लावलेलं बोर्डाचं शीट) कापता येत नाही, आणि सनबोर्ड तर अजिबात घालायचा नाही, तो पीव्हीसी, क्लोरीनचा धूर निघतो, माणसाला वाईट आणि मशिन पण गंजते. पण माझ्या मागच्या पानावरची २३ पैकी १९ कामं अ‍ॅक्रिलिकची, आणि लेझरने कापलेल्या अ‍ॅक्रिलिकची कड काचेसारखी चकचकीत येते, राउटरचं पॉलिश करत बसा. सेकंडहँडपण बघितली एक, पण ट्यूब किती तास चाललीय हे मालकालाच सांगता येईना, आणि ट्यूब काचेची, चिलर बंद पडून पाणी थांबलं तर तडकायची भीती, ती रिस्क मला नको होती.

शेवटी बुक केली. अण्णांना खंडेनवमीला ब्रशांच्या शेजारी तिची पूजा मांडायचीय. आता नवीनच घोळ, बेड ४ बाय ३ चा पण बॉडी सहा फूट बाय साडेचार, आणि मागच्या खोलीचं दार अडीच फुटी. गवंडी उद्या सकाळी येतोय.