रिकाम्या जागा

‘हलीना की रब से फरियाद’ हा कुठल्या कव्वालीचा मुखडा नाही. तो आवर्तसारणीतला पहिला गण, म्हणजे पहिला उभा स्तंभ आहे, संज्ञांनी म्हटलेला: H, Li, Na, K, Rb, Cs, Fr. हायड्रोजन, लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम, फ्रान्सियम. शेजारचा दुसरा गण म्हणजे ‘बेटा मांगे कार, स्कूटर, बाप राजी’. बेरिलियमपासून रेडियमपर्यंत सहाही मूलद्रव्यं त्यात बसतात. क्लासमधून ही वाक्यं एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे चालत आली आहेत. लॅटिन संज्ञा, हिंदी वाक्यं आणि ती घोकणारी मराठी पोरं. राष्ट्रीय एकात्मता याहून वेगळी काय असते!

माझी भाची यंदा दहावीला आहे. ती हे सगळं एका दमात म्हणून दाखवते. मला कौतुक वाटतं आणि थोडं वाईटही वाटतं. पाढे पाठ करावे लागतात, ते मान्य. पण आवर्तसारणी निघाली ती मुळात घोकंपट्टी कमी व्हावी म्हणून. सेंट पीटर्सबर्गला विद्यापीठात शिकवणाऱ्या दिमित्री मेंडेलीव्हला विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचं पुस्तक लिहायचं होतं. तोवर माहीत झालेली ६३ मूलद्रव्यं सांगायची कुठल्या क्रमाने, हा त्याच्यापुढचा पेच. एकेकाची कुंडली सुटी सुटी सांगत बसलं तर पोरांचं काय होईल, हे कुठल्याही मास्तरला कळतं. १८६९ मध्ये त्याने अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडणी केली आणि ठरावीक अंतराने तेच गुणधर्म पुन्हा भेटायला लागले. एक ओळखलं की त्याच्या वरच्या-खालच्यांचा अंदाज यावा, अशी ती सोय.

भाचीची अडचण मात्र पाठांतराची नव्हती. ‘मामा, खाली जाताना अणू मोठा होतो, हे कळलं. दर आवर्ताला, म्हणजे आडव्या ओळीला, एक कवच वाढतं. पण उजवीकडे जाताना तो लहान कसा होतो? इलेक्ट्रॉन तर वाढतायत ना?’

हा प्रश्न मला फार आवडला. पुस्तकात त्याचं उत्तर दोन ओळींत उरकलेलं असतं, आणि खरी गंमत तिथेच असते. सोडियमपासून क्लोरीनपर्यंतची रांग घ्या. दर घराला बाहेर एक इलेक्ट्रॉन वाढतो, तसा आत केंद्रकात एक प्रोटॉनही वाढतो. नवा इलेक्ट्रॉन त्याच तिसऱ्या कवचात जातो, नवीन मजला काही चढत नाही. एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्रकाच्या ओढीपासून फारसे वाचवू शकत नाहीत. आतली ओढ वाढत जाते आणि सगळं कवच आत खेचलं जातं. सोडियमच्या अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर, क्लोरीनची ९९. म्हणजे जवळजवळ निम्मी.

पुढचं मग आपोआप उलगडतं. सोडियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन लांब आणि सैल, तो देऊन टाकायला कायम तयार. म्हणून तर शाळेच्या प्रयोगशाळेत सोडियम घासलेटात बुडवून ठेवतात. सुरीने तो सहज कापला जातो. कापलेली बाजू लख्ख चमकते आणि बाई ‘बघा’ म्हणेपर्यंत काळवंडलेली असते. वाटाण्याएवढासुद्धा तुकडा पाण्यात टाकायची कुणाची छाती होत नाही, कणभरच टाकतात, आणि तो पाण्यावर चुरचुरत सैरावैरा पळतो. खालच्या घरातल्या पोटॅशियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन आणखी लांब, म्हणून ते पाण्यात पडताच जांभळट ज्योतीने पेटतं. उलट क्लोरीन एक इलेक्ट्रॉन मिळवायला टपलेला. धातू डावीकडे का, अधातू उजवीकडे का, कुणाची संयुजा किती, म्हणजे कोण किती इलेक्ट्रॉन देणार-घेणार, हे सगळं त्या ओढाताणीतून निघतं.

‘म्हणजे सगळं एकाच कारणाने?’

‘बरंचसं,’ मी म्हणालो. उरलेल्याची सोय मी तिच्या वाढदिवसाला केली.

गॅलियम ऑनलाइन मिळतं. प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत येतं. काचेच्या कुपीत सहसा देत नाहीत, कारण गोठताना ते पाण्याप्रमाणे फुगतं आणि काच तडकू शकते. पुण्यातल्या जानेवारीच्या सकाळी डबीतून निघाला तो चांदीसारखा टणक खडा. भाचीने तो तळहातावर घेतला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कडा गोलावल्या, खाली चकाकतं थारोळं साचलं आणि खडा त्यात बसल्या बसल्या विरून गेला. गॅलियम २९.८ अंशांना वितळतं. नागपूरला असतो तर मे महिन्यात कपाटातच पातळ झालं असतं. हातावर करडे डाग राहिले, ते साबणाने गेले.

ताईने दारातूनच विचारलं, ‘पाऱ्यासारखं विषारी नाही ना रे?’

‘नाही, पण तुझ्या कुकरपासून लांब ठेव. ॲल्युमिनियममध्ये शिरलं की त्याला बिस्किटासारखं ठिसूळ करून टाकतं.’

कुकरचं नाव निघताच प्रयोग गच्चीवर हलवावा लागला.

ॲल्युमिनियमशी गॅलियमचं नातं तसं जुनं आहे. मेंडेलीव्हच्या मांडणीत ॲल्युमिनियमखाली बसेल असं काहीच त्या वेळी कुणाला माहीत नव्हतं. दुसरा कुणी असता तर पुढचं मूलद्रव्य सरकवून रांग पुरी केली असती. त्याने पंगतीत न आलेल्या पाहुण्याचं पान मांडावं तशी जागा मोकळी सोडली. ती सोडून गप्प बसला असता तरी चाललं असतं, पण १८७१ पर्यंत त्याने या न आलेल्या पाहुण्याचं वर्णनही छापून टाकलं. नाव एका-ॲल्युमिनियम, अणुवस्तुमान साधारण ६८, घनता ५.९ च्या आसपास, सहज वितळणारं. आपल्याकडे उत्तरपत्रिकेत जागा रिकामी ठेवली की गुण जातात. या माणसाचं नाव झालं ते रिकाम्या जागांमुळे.

१८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँला जस्ताच्या खनिजात, वर्णपटातल्या दोन जांभळ्या रेषांवरून, नवीन धातू सापडला. त्याने घनता मोजली, ती आली ४.७. रशियातून मेंडेलीव्हने कळवलं की ती ५.९ च्या आसपास यायला हवी, नमुना आणखी शुद्ध करून पाहा. ज्याने तो धातू कधी डोळ्यांनी बघितलाही नाही, तो ज्याच्या हातात धातू आहे त्याला सांगतोय की तुझा धातू चुकतोय! ब्वाबोद्राँने रागावून पत्र फाडलं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता. पण त्याने धातू पुन्हा शुद्ध केला आणि घनता ५.९ निघाली. पुढे १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम येऊन आपापल्या पानावर बसले.

आता ‘बरंचसं’ का म्हणालो ते. खाली जाताना अणू मोठा होतो, या नियमाने गॅलियम ॲल्युमिनियमहून मोठं हवं. पण ॲल्युमिनियमची त्रिज्या १४३ पिकोमीटर आणि गॅलियमची १३५. कारण या दोघांच्या मध्ये, चौथ्या आवर्तात, स्कँडियमपासून जस्तापर्यंत दहा मूलद्रव्यं घुसली आहेत. त्यांच्यासोबत केंद्रकात दहा प्रोटॉन वाढले, पण सोबत आलेले दहा इलेक्ट्रॉन आतली ओढ झाकायला अगदीच कुचकामी. ज्याच्यामुळे सारणीवर लोकांचा विश्वास बसला, तेच मूलद्रव्य सारणीतला कल पाळत नाही. भाचीला हे ऐकून भलताच आनंद झाला. नियम मोडणारे तिला आधीपासूनच आवडतात.

मेंडेलीव्हचंही सगळंच बरोबर होतं असं नाही. निष्क्रिय वायूंच्या संपूर्ण गणासाठी त्याने जागाच ठेवली नव्हती. १८९४ मध्ये अरगॉन सापडला तेव्हा तो तीन अणूंचा नायट्रोजन तर नाही ना, अशी शंका त्याने काढली. या निष्क्रिय वायूंपैकी हेलियमची खूण तर सारणीच्या आदल्या वर्षी सूर्याच्या प्रकाशात दिसलेली होती. इथे आपल्या विजयदुर्गाचा विषय निघतोच. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेबाने किल्ल्यावरच्या कट्ट्यावरून हेलियम शोधला, असं तिथे अभिमानाने सांगतात आणि त्या तारखेला हेलियम दिनही साजरा करतात. त्या दिवशी ग्रहण पाहायला आलेला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन होता गुंटूरला, आणि लॉकियर होता इंग्लंडात. लॉकियर विजयदुर्गावर आला तो १८९८ च्या जानेवारीत, दुसऱ्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीला पृथ्वीवरच्या खनिजातही हेलियम सापडून तीन वर्षं होत आली होती. म्हणून हेलियम दिन बंद करा असं मी म्हणणार नाही. किल्ल्यावर मुलांना वर्णपट दाखवायला निमित्त मिळतंय, ते का घालवा? तारीख तेवढी नीट सांगावी.

आता सारणीत एकही जागा रिकामी नाही. ४३ नंबरचं घर बरीच वर्षं हुलकावणी देत होतं, ते १९३७ मध्ये टेक्नेशियमने भरलं. २०१६ मध्ये शेवटच्या चार मूलद्रव्यांना नावं मिळाली आणि ११८ पर्यंत सातवं आवर्त पुरं झालं. मला ते थोडं चुकल्यासारखं वाटतं. भाचीला नाही. जपानमध्ये ११९ साठी खटपट चालली आहे, हे कळल्यावर तिने वहीत फ्रान्सियमच्या खाली पेन्सिलीने एक चौकट काढली. लिहिलं: धातू, संयुजा १, पाण्यात टाकू नये. आकारमानापुढे ‘सगळ्यात मोठा’ लिहिलं, थोडं थांबली आणि पुढे प्रश्नचिन्ह घालून ‘गॅलियम पाहा’ अशी टीप टाकली. इतक्या जड अणूत आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग एवढा वाढतो की सापेक्षतावादाचे हिशेब लावावे लागतात, आणि त्या हिशेबाने ११९ चा अणू अपेक्षेपेक्षा आखूडच भरायची शक्यता आहे. तिचं प्रश्नचिन्ह अगदी मोक्याच्या जागी पडलं होतं.

‘आणि ठेवायचं कशात? घासलेटात?’

‘अगं, आधी ते क्षणभर टिकू तर दे.’

‘आणि घासलेट मिळतंय कुठे आता,’ ताई आतून म्हणाली, ‘रेशनवरसुद्धा बंद झालंय.’