आठ मिनिटांचा धुरा

सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला म्हणून मी त्याचा एक व्हिडिओ बघितला. तेव्हापासून माझ्या फोनची पक्की समजूत आहे की या माणसाला फवारणीशिवाय दुसरं काही सुचत नाही. त्याआधी गावरान चिकनचा एक व्हिडिओ उघडला होता, तर कितीतरी दिवस माझ्या फोनवर नुसत्या चुली पेटत होत्या. त्याचा तरी काय दोष? कालचं उरलेलं गरम करून वाढणं एवढंच त्याला येतं.

वेगळं काही बघायचं तर मी एक चाल धरली आहे. फिल्म संपली की सगळे जी नावं पुढं सरकवतात, ती मी थांबवून वाचतो. दिग्दर्शकाचंच असं नाही. कॅमेरा कुणी धरला, अक्षरं कुणी काढली, आभार कुणाचे मानले, काहीही चालतं. त्यातलं एखादं नाव सर्चमध्ये टाकायचं आणि निघायचं. दहातले आठ रस्ते बंद निघतात. उरलेल्या दोनांसाठी रात्र गेली तरी चालते; परभणीत उन्हाळ्यात नाहीतरी रात्री दोनपर्यंत कुणाला झोप लागते?

सुरुवात झाली ती ‘एक, अनेक और एकता’ या मुलांच्या कार्टून फिल्मपासून. दूरदर्शनवर बघत वाढलेल्या माझ्या पिढीला त्यातल्या चिमण्या आणि जाळं घेऊन उडणारा थवा अजून पाठ आहे. ती १९७४ची, फिल्म्स डिव्हिजन या सरकारी फिल्मसंस्थेची, दिग्दर्शन विजया मुळे यांचं आणि चित्रं हलवली भीमसेन यांनी, हे मला चाळिशीत कळलं. मग फिल्म्स डिव्हिजनचं कपाटच उघडलं. गंमत म्हणजे हेच कपाट लहानपणी टॉकीजमध्ये आमच्यासमोर सक्तीनं उघडायचे. मुख्य पिक्चरच्या आधी सरकारी फिल्म दाखवणं थिएटरवाल्यांना बंधनकारक होतं आणि तेवढा वेळ आम्ही सगळे बाहेर शेंगा खात उभे असायचो. आतून कुणी आलं की विचारायचं, ‘संपली का रे सरकारी?’

त्या कपाटात प्रमोद पती नावाचा एक अवलिया सापडला. १९६८ची त्यांची ‘एक्सप्लोरर’ सात मिनिटांची आहे. नाचणारी पोरं, यंत्रं, ॐ, आकडे, सगळं डोळ्यांवर असं आदळतं की बाहेरच्या शेंगावाल्यालाही आत डोकावावंसं वाटलं असतं. सरकारच्या पैशात हे कुणी कसं करू दिलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पतींचीच ‘आबिद’ म्हणजे चित्रकार आबिद सुरती खोलीच्या भिंती रंगवताहेत आणि स्वतःच चित्रातल्यासारखे तुटक तुटक हलताहेत. जिवंत माणसाला बाहुलीसारखं एकेका फोटोनं हलवायचं, या युक्तीला पिक्सिलेशन म्हणतात.

मध्येच एकदा धागा भलतीकडं गेला. भाचा फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो, भावी नगरसेवकांच्या डोक्यामागं सूर्य उगवून देणं हे त्याचं रोजचं काम. त्यानं पाठवली ‘पॉवर्स ऑफ टेन’, १९७७ची, चार्ल्स आणि रे ईम्स या नवराबायकोची. शिकागोत तळ्याकाठी सहलीला आलेलं जोडपं, आणि कॅमेरा दर दहा सेकंदांना दहापट लांब जातो. ईम्स हे नाव धरून गेलो तर हे दोघं १९५८मध्ये भारत सरकारला एक अहवाल देऊन गेले होते, ज्याच्या पाठोपाठ १९६१मध्ये अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी संस्था उभी राहिली. आणि त्या अहवालात त्यांनी कौतुक कुणाचं केलंय, तर तांब्याचं. हातात कसा बसतो, भरलेला आणि रिकामा कसा तोलतो, ओतताना धार कशी पडते, वाजवला तर आवाज कसा येतो. मी आईला हे हौसेनं वाचून दाखवलं. तिनं फडताळातले दोन तांबे काढून पुढं ठेवले आणि म्हणाली, ‘हा पाव्हण्यांचा. त्या दुसऱ्याची धार तुटते, म्हणून तो झाडाला.’ अहवाल तिथंच संपला.

पण पिक्सिलेशनवर मला परत यायचं होतं, आणि तो रस्ता नॉर्मन मॅक्लेरनच्या ‘नेबर्स’पाशी गेला. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डानं २००९ पासून आपला साठा नेटवर फुकट बघायला ठेवला आहे, त्यात ही १९५२ची फिल्म आहे, आठ मिनिटांची. हिरवळीवर पुठ्ठ्याची दोन घरं आणि दोन शेजारी खुर्च्या टाकून पेपर वाचत बसलेले. बरोबर मध्ये एक फूल उगवतं. दोघंही वास घेऊन इतके खूश होतात की जमिनीपासून वीतभर वर तरंगत फिरतात. (माणसानं उडी मारायची आणि तो वर असतानाच फोटो घ्यायचा. असे फोटो जोडले की माणूस तरंगतो.) मग फूल कुणाचं? कुंपण. मग त्याच कुंपणाच्या फळ्या उपटून मारामारी, पुढं बायकापोरांवर हात, शेवटी दोघंही मातीत. वर कुरकुरणारा जो आवाज आहे तोही वाद्यांचा नाही, फिल्मच्या कडेला ओरखडे काढून केलेला आहे.

ही मी गावी, शेतातल्या आखाड्यावर, आबाला दाखवली. आबा माझा चुलतभाऊ. त्याच्या शेजाऱ्यानं दरसाल ट्रॅक्टरच्या नांगराचं एकेक तास करत दोघांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, कोरला, हा त्याच्या आयुष्याचा मुख्य विषय. पहिल्यांदा तो हसला. कुंपण आलं तसा सावरून बसला. फळ्या उपटल्यावर म्हणाला, ‘मोजणी कामून नाही आणली यांनी? भूमी अभिलेखला अर्ज टाकायचा ना.’ दोघं मेल्यावर त्यानं फोन हातात घेतला आणि पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्या खेपेला त्याचं सगळं लक्ष कुंपण कुणाच्या बाजूनं सरकलं इकडंच होतं.

मी त्याला सांगितलं की याला ऑस्कर मिळालं, पण कशासाठी माहितीये? माहितीपट म्हणून.

‘बरोबर हाय,’ आबा म्हणाला. ‘यात खोटं काय हाय?’

भाच्याला तेवढं निमित्त पुरलं. आता तो फोन तिवईला बांधून धुऱ्यावर तसलीच फिल्म काढायला निघालाय. एका सेकंदाला निदान बारा फोटो, म्हणजे माणूस सेकंदभर तरंगायला बारा उड्या. गच्चीवर माझ्यावर चाचणी झाली. शेजारच्या वहिनींनी दोनदा विचारलं, भावजी बरे आहेत का, आणि गुडघ्यांमुळं मला पाचव्या उडीलाच भूमिकेतून काढण्यात आलं. आबा मात्र आपणहून तयार झाला. उड्या मारीन म्हणाला, फळी खाईन म्हणाला, मरायचीही हरकत नाही. अट एकच घातली. ‘पिक्चर संपतेवेळी धुरा माझ्याकडं दाखवायचा. सातबाऱ्यावर हाय तसा.’