तुम्ही विचारलंत म्हणून: टेस्टोस्टेरॉनसोबत इस्ट्रोजन कमी करायची गोळी लागते का?

माझं सोलापुरात मेडिकल आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन नेणारी काही कायमची गिऱ्हाइकं आहेत. गर्दी ओसरली की त्यातलं कुणीतरी हळूच विचारतं, "मालक, छातीला हात लावला की दुखतंय, अंगठी बोटातून निघेना. इस्ट्रोजन कमी करायची गोळी द्या की."

इस्ट्रोजन म्हणजे बायकांचं समजलं जाणारं हार्मोन, आणि ते कमी करणारी ती गोळी म्हणजे ॲनास्ट्रोझोल. मुळात ती पाळी गेलेल्या बायकांच्या स्तनाच्या कर्करोगावरची आहे. चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही, आणि त्याचं कारण समजावून सांगणं मला माझं कामच वाटतं.

पुरुषाच्या अंगातलं इस्ट्रोजन टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतं. ते बनवणारं ॲरोमटेज नावाचं एन्झाइम चरबीत भरपूर असतं, म्हणून पोट सुटलेल्याला हा त्रास जास्त. पण हाडांची ताकद आणि कामेच्छा या दोन्हींना ते इस्ट्रोजन लागतं. 2013 साली बॉस्टनच्या संशोधकांनी काही पुरुषांना टेस्टोस्टेरॉनसोबत ॲनास्ट्रोझोल देऊन पाहिलं, तर त्यांची चरबी वाढली आणि इच्छा घटली. मनानं गोळी घेणाऱ्याचे सांधे धरतात, इच्छा जाते. त्याला वाटतं टेस्टोस्टेरॉनच कमी पडतंय, म्हणून तो डोस वाढवून मागतो. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

आधी बघायचं ते इंजेक्शनाचं वेळापत्रक. टेस्टोस्टेरॉन इनॅन्थेटचं (हळूहळू रक्तात उतरणाऱ्या प्रकाराचं) 250 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दोन-तीन आठवड्यांनी एकदम घेतलं की पहिल्या काही दिवसांत पातळी उसळते आणि तिच्यामागे इस्ट्रोजनही चढतं. डॉक्टर डोस कमी करू शकतात, तोच दर आठवड्याला थोडा थोडा देऊ शकतात किंवा जेलवर आणू शकतात. सूज असेल तर बीपी मोजून घ्या. शेंगाचटणी, लोणचं, पापड यांतलं मीठही मोजा.

छाती दुखत असेल तर चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. हृदयासाठी किंवा यकृतासाठी दिलेल्या स्पायरोनोलॅक्टोननंही पुरुषांची छाती वाढते. निपलमागे दुखरी चकती लागली तर लाजून वर्ष घालवू नका. सुरुवातीला डॉक्टर टॅमॉक्सिफेनचा (छातीवरचा इस्ट्रोजनचा परिणाम अडवणाऱ्या गोळीचा) विचार करू शकतात. गाठ जुनी होऊन घट्ट झाली की बहुधा ऑपरेशनच उरतं. एकाच बाजूला न दुखणारी टणक गाठ असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

इस्ट्रॅडिऑलची (अंगातल्या मुख्य इस्ट्रोजनची) तपासणी करायची तर लॅबला मास स्पेक्ट्रोमेट्री ही जास्त अचूक पद्धत आहे का विचारा. नेहमीच्या पद्धतीत पुरुषांची कमी पातळी नीट मोजली जात नाही.

आणि इस्ट्रोजनच्या नादात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, विसरू नका. तो 54 टक्क्यांच्या वर गेला तर रक्त फार दाट झालेलं असतं. पुढचं इंजेक्शन थांबवून डॉक्टरांना गाठा. अंगात पाणी कमी असलं की हा आकडा आणखी वर दिसतो, म्हणून आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात नीट पाणी पिऊनच तपासणीसाठी रक्त द्यायला जा.