मशीन लावले आहे, तरी ऐकू का येत नाही?

बँकेच्या काउंटरवरील कर्मचाऱ्यापासून जवळच्या नातेवाइकांपर्यंत बहुतेक सगळेच मला हा प्रश्न कधी ना कधी विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात चष्म्याचा हिशेब असतो: चष्मा लावला की अक्षर स्पष्ट दिसते, तसे कानाला मशीन लावले की ऐकू आले पाहिजे. परवा तुम्हीही तेच विचारलंत म्हणून या वेळी दोन वाक्यांत न आटोपता नीट सांगते.

माझ्या कानाचे पडदे ठीक आहेत. नुकसान झाले आहे ते आतल्या कानात. तिथल्या शंखाकृती कॉक्लियामध्ये केसांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी असतात, प्रत्येक कानात सुमारे 15,000, आणि माणसाच्या शरीरात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत. त्यातही वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी सहसा आधी जातात. माझ्या ऑडिओग्रामवरची, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावरची, रेघ म्हणूनच सुरुवातीला, 250 हर्ट्झच्या (हर्ट्झ हे आवाजाची पट्टी मोजण्याचे एकक) आसपास, बरी दिसते आणि 2,000 हर्ट्झच्या पुढे घसरत जाते. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, ते माझ्यापर्यंत पोहोचतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीतली आणि मुळातच क्षीण असल्यामुळे निसटतात. कोणी तरी बोलत आहे हे मला कळते, काय बोलत आहे ते कळत नाही.

भाजीच्या गाडीवर मावशी "साठ" म्हणतात आणि मला "आठ" ऐकू येते. आठ रुपयांत अर्धा किलो गवार मिळत नाही हे ठाऊक असल्यामुळे मी साठ ताडते. पैसे मोबाइलवरून देत असले तर रक्कम टाइप करून आधी त्यांना दाखवते, म्हणजे दोघींचीही खात्री होते. दवाखान्यात मात्र टोकनचा क्रमांक सदुसष्ट पुकारला की अडुसष्ट, हे ताडायला कसलाच आधार नसतो. तिथे मी पुस्तक उघडून बसू शकत नाही. दाराकडे आणि नर्सच्या ओठांकडे पाहत राहावे लागते.

मशीन आवाज मोठा करते. कोणत्या पट्टीचा आवाज किती वाढवायचा हेही त्यात बसवता येते, आणि ते काम ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, फार कसोशीने करतात. तरीही जिथल्या पेशीच उरलेल्या नाहीत, तिथे मोठा आवाज पोहोचूनही तो मेंदूकडे स्पष्ट जात नाही. शिवाय अशा कानांची एक विचित्र अडचण असते: हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण ठरावीक मर्यादेपलीकडचे आवाज इतरांइतकेच, कधी त्याहूनही जास्त, टोचतात. म्हणून समोरचा माणूस ओरडू लागला की मी कळवळून "ओरडू नका हो" म्हणते आणि तो दुखावतो. हळू बोलले तर ऐकू येत नाही, मोठ्याने बोलले तर राग येतो, असे माझ्याबद्दल म्हटले जाते. ओरडण्याने स्वर फुगतात, व्यंजने त्या प्रमाणात वाढत नाहीत, आणि ओठांचा आकारही बिघडतो. त्यामुळे मला असलेला शेवटचा आधारही जातो. तो आधार तसाही अपुराच असतो, कारण प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, तर क आणि ग घशाशी तयार होत असल्यामुळे दिसतच नाहीत. 2020 मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले, तेव्हा आपण ओठांवर किती अवलंबून होतो हे माझ्यासारख्या अनेकांना पहिल्यांदा लक्षात आले.

सगळ्यात जास्त लागणारे वाक्य म्हणजे "हिला सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं." ते घरातलीच माणसे म्हणतात, आणि त्यांना तसे वाटण्याचे कारणही खरे असते. दुपारी शांत खोलीत, समोर बसून, खालच्या पट्टीतल्या आवाजात दीर बोलतात, विषयही ओळखीचा असतो, तेव्हा मी एकही शब्द न चुकवता उत्तरे देते. संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या, पंखा आणि वाहता नळ चालू असताना पाठमोरी उभी राहून जाऊबाई तेवढ्याच मोठ्याने विचारतात, "मीठ घातलंस का गं?" आणि मी गप्प राहते. ऐकणारी तीच, मशीन तेच; बदललेले असते ते अंतर, तोंडाची दिशा आणि आजूबाजूचा गलका. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. मशीनचा माइक समोरचे बोलणे उचलण्यासाठी वळवलेला असतो, पण पाच जण एकदम बोलू लागले की त्यांतला मला हवा असलेला एकच आवाज निवडणे त्याला जमत नाही. तुमच्या कानांना आणि मेंदूला ते सहज जमते, म्हणून माझे न ऐकणे तुम्हाला बेपर्वाई वाटते.

दिवसभर असे तुकडे जोडत राहिल्याने येणारा थकवा बाहेरून दिसत नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत माझे डोके जड झालेले असते. नेमकी तेव्हाच सगळ्यांची गप्पांची वेळ असते. कोणी तरी काही सांगते, सगळे खळखळून हसतात, मी विचारते, "काय झालं?" आणि उत्तर येते, "काही नाही गं, असंच." सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते हे मला पक्के माहीत आहे. पण बहिरेपणाने मला एकटे पाडले नाही तेवढे या "काही नाही"ने पाडले आहे. तो विनोद फालतू असेल, तरी तो फालतू आहे हे माझे मला ठरवू द्या. पुन्हा सांगताना तेच वाक्य चढ्या आवाजात सांगण्यापेक्षा शब्द बदलून सांगितले तर मला फार मदत होते: "साठ" कळले नाही तर "पन्नास आणि दहा" म्हणा. बोलण्यापूर्वी नाव घेऊन हाक मारा, आणि खिडकीला पाठ करून उभे राहू नका, कारण मग चेहरा अंधारात जातो.

मशीनची निगा हे एक वेगळेच काम असते. पावसाळ्यात ओल शिरून ते बंद पडते, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावे लागते. मळ अडकला की आवाज बसतो. झिंक-एअरचा इवलासा सेल नेमका बैठकीत संपतो. सवलतींविषयीही अनेक जण विचारतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांचा ऱ्हास 60 ते 70 डेसिबल असेल तर व्यक्ती "ऐकण्यास कमी" या व्याख्येत बसते. माझ्या ऱ्हासाची सरासरी 60 च्या अलीकडे आहे. नेहमीचे संभाषण साधारण 60 डेसिबलचे असते, म्हणजे बोलणे माझ्यापर्यंत जेमतेम पोहोचते. कागदोपत्री मात्र मला काहीही झालेले नाही.

अलीकडे बोलणे अक्षरांत उमटवणारे ॲप मी फोनमध्ये घेतले आहे आणि ते मराठीतही चालते. शांत जागी एकच माणूस बोलत असेल तर त्याचा चांगला उपयोग होतो. दोघे एकदम बोलले की ओळी एकमेकींत मिसळतात, आणि औषधांची नावे तर त्याला हमखास चुकतात. डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांची परवानगी घेऊन मी फोन टेबलावर ठेवते, आणि गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, हे मात्र त्यांच्याकडून कागदावर लिहून घेते.